पैसा आणि सत्ता गाण्याचं नक्की काय बिघडवतात?

रील्सवर पंधरा सेकंद वाजून महिन्याभरात विसरलं जाणारं एखादं गाणं आलं की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, आता सगळा धंदा झालाय, पूर्वीसारखं संगीत राहिलं नाही. आणि एप्रिल 2023 मध्ये महाराष्ट्रात दोन तरुण रॅपर्सवर राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले तेव्हा दुसरं वाक्य जोरात चाललं होतं, कलाकाराने राजकारणात पडूच नये, गाणं नासतं. दोन्ही वाक्यांच्या तळाशी समजूत एकच आहे, पैशाचा किंवा सत्तेचा हात लागला की संगीताची किंमत उतरते.

मला हे अर्धंच पटतं. बाकीचं अर्धं का पटत नाही हे सांगायला परदेशात जायची गरज नाही, आपल्याच आकाशवाणीचा 1952 नंतरचा किस्सा पुरेसा आहे, आणि त्यात मुख्य माणूस पुण्यात जन्मलेला मराठी मंत्री आहे. पण त्याआधी दोन गोष्टी स्पष्ट करून घेऊ.

कलामूल्य म्हणजे नेमकं काय मोजायचं?

हा शब्द जड वाटतो म्हणून या लेखापुरता साधा अर्थ ठरवते. गाणं ज्या निमित्ताने बनलं ते निमित्त संपल्यावरही ऐकावंसं वाटतं का, पन्नासाव्यांदा ऐकताना काही नवीन सापडतं का, आणि दुसऱ्या गाणाऱ्याला त्यातून शिकण्यासारखं काही मिळतं का. बस, एवढंच. गाणं किती खपलं हे यात येत नाही, आणि गाणाऱ्याचा हेतू किती पवित्र होता हेही येत नाही. हे दुसरं लोक नेहमी विसरतात. पैशासाठी गायलेलं गाणं या तीन प्रश्नांवर पास होऊ शकतं आणि अतिशय निर्मळ मनाने गायलेलं गाणं नापास होऊ शकतं.

तीन मिनिटांत राग बसवा

भारतीय संगीतावर बाजाराचं पहिलं मोठं दडपण आलं ते रेकॉर्डचं. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गायसबर्ग नावाचा एक तंत्रज्ञ ग्रामोफोन कंपनीचं सामान घेऊन कलकत्त्यात होता आणि गौहर जान त्याच्यासमोर गायल्या. तेव्हा माइक नव्हता, मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, आणि गाणं संपलं की लगेच इंग्रजीत आपलं नाव सांगायचं, कारण रेकॉर्ड छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगारांना आवाज कोणाचा आहे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. हे सगळं साधारण तीन मिनिटांत उरकायचं, कारण त्या तबकडीवर मावतच तेवढं.

आता विचार करा, जो राग बैठकीत तासभर चालतो, ज्यात आलापीतच अर्धा तास जातो, तो तीन मिनिटांत! विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, जवळपास गेलंच, थेट बंदिशीला हात घालायचा, दोन-चार आवर्तनांत रागाचा चेहरा दाखवायचा, थोड्या ताना आणि संपलं. अनेकांना हे शास्त्रीय संगीताचा गळा दाबण्यासारखं वाटलं आणि त्यांचं चूक नव्हतं, कारण रागाचा सावकाश विस्तार हीच तर या संगीताची ताकद.

पण मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी याच तीन मिनिटांच्या तबकडीवर आहे. ती दुकानात वाजत असताना गदगच्या एका शाळकरी मुलाने ऐकली आणि असंच गायला शिकायचं म्हणून तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. कंपनीने विकायला ठेवलेला माल होता तो, पण दुसऱ्या गाणाऱ्याला काही मिळतं का या प्रश्नाचं याहून स्पष्ट उत्तर काय असणार?

आणि केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरी गावच्या. रेकॉर्डिंग या प्रकारावर त्या नाराजच असायच्या, फार कमी ध्वनिमुद्रिका दिल्या त्यांनी. तरी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली तिच्यावर भारतीय संगीत म्हणून त्यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. ती लांबीसुद्धा जुन्या रेकॉर्डनेच ठरवलेली.

म्हणजे बाजाराने रूप बदललं हे नक्की, आणि नुकसानही झालं, तो तासाभराचा विस्तार त्या तबकड्यांवर कुठेच नाही. पण रूप लहान झालं म्हणून मूल्य आपोआप उतरत नाही, खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांचीच एक कला करून टाकली.

1952: रेडिओवरून सिनेमाचं गाणं गायब

आता सत्तेकडे येऊ. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षं राहिले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं आणि सिनेसंगीत उथळ, पाश्चात्त्य चालींची उचलेगिरी करणारं, लोकांची अभिरुची बिघडवणारं आहे असं ठाम मत होतं. त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना वेळेची मर्यादा घातली, गाणी तपासून मगच लावायची असं ठरलं, आणि आणखी एक बारीकसा वाटणारा नियम आला, गाणं लावताना सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, फक्त गायकाचं घ्यायचं, कारण सिनेमाचं नाव घेणं म्हणजे सरकारी रेडिओवर फुकट जाहिरात. निर्माते भडकले. त्यांचं सगळं गणितच ते होतं, गाणं वाजलं की लोक थेटरात येतात. त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली आणि आकाशवाणीवरून सिनेमाचं गाणं जवळजवळ नाहीसं झालं.

मग लोक काय करणार, त्यांनी रेडिओची खुंटी फिरवली. कोलंबोचं रेडिओ सिलोन शॉर्टवेव्हवर भारतभर ऐकू यायचं. त्याच 1952 च्या शेवटी एका टूथपेस्टच्या पैशावर बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सयानींचा आवाज, कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठला तीच गाणी समुद्रापलीकडून परत आपल्या घरात. आपल्या देशाच्या गाण्यासाठी आपलीच माणसं दुसऱ्या देशाचा खरखरणारा रेडिओ लावून बसली होती. अखेर ऑक्टोबर 1957 मध्ये सरकारनेच विविध भारती काढली आणि 1967 मध्ये मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या.

मधल्या त्या वर्षांत सिनेसंगीताचं मूल्य उतरलं का? ज्या वर्षी केसकर मंत्री झाले त्याच 1952 मध्ये 'बैजू बावरा' आला, नौशाद यांनी त्यात अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर या दोन दिग्गजांना एकत्र गायला लावलं. पुढच्या वर्षी सी. रामचंद्रांचा 'अनारकली'. 1955 मध्ये वसंत देसाईंचा 'झनक झनक पायल बाजे'. यातला प्रत्येक सिनेमा तिकिटावर चालणारा धंदा होता आणि सरकारी रेडिओचं दार त्याला बंद किंवा अर्धवट उघडं होतं. पैसा आणि सत्ता, दोन्हीची दडपणं एकाच वेळी होती आणि तरी आजही आपण त्या काळाला सुवर्णकाळ म्हणतो.

मग केसकर चुकले?

इथे घाईने निकाल द्यायला मी तयार नाही. संस्थानं विलीन झाल्यावर दरबारी गवयांचा आधार गेला होता, शेकडो कलाकारांचं पोट कोणी भरायचं हा खरा प्रश्न होता, आणि तो आकाशवाणीने उचलला. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 मध्येच सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलन 1954 मध्ये. खेड्यातल्या माणसाला तिकीट न काढता मोठे गवई ऐकायला मिळाले. हे बाजाराने केलं नसतं.

आणि आपलं गीतरामायण घ्या. 1 एप्रिल 1955, रामनवमी, पुणे आकाशवाणी. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. म्हणजे सिनेमाला नाकं मुरडणाऱ्या त्याच खात्याच्या केंद्रावर सिनेमात मुरलेली दोन माणसं दर आठवड्याला एक नवं गाणं देत होती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे आवाज. वर्षाची 52 गाणी व्हायची, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून 56 झाली. पंचांगाने गाण्यांची संख्या ठरवली, सरकारी वेळापत्रकाने लांबी आणि मुदत ठरवली, आणि तरी सत्तर वर्षांनंतर लोक ते डोळे मिटून ऐकतात. सिनेमात मुरलेल्या हातांना रेडिओने सवड दिली म्हणून हे झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण याच व्यवस्थेने कोणाला बाहेर ठेवलं तेही बघायला हवं. 1946 च्या अंतरिम सरकारात हे खातं वल्लभभाई पटेलांकडे असताना, ज्यांचं खासगी आयुष्य बदनाम समजलं जातं अशा गाणाऱ्यांना रेडिओ बंद झाला, आणि याचा फटका कोणाला बसला असेल हे सांगायला नको, ज्या बायकांनी ठुमरी-दादरा पिढ्यान्‌पिढ्या जपला त्यांना. पेटीवर तर 1940 पासून बंदी होती, ती उठायला तीसेक वर्षं गेली. नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात पेटी बंद, का, तर ती परदेशी आणि तिच्यावर श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, नीट निघत नाहीत! पुढे ऑडिशनची पद्धत आली, आयुष्यभर गाणाऱ्यांना परीक्षा द्यायला बसवलं, मुंबईत कलाकारांनी त्याला विरोधही केला. आणि केसकरांचं असंही मत होतं की मुसलमान गवयांच्या हाती गेल्यामुळे आपलं संगीत अध्यात्मापासून तुटलं. ज्या खाँसाहेबांमुळे महाराष्ट्रात घराणी उभी राहिली त्यांच्याबद्दलचं हे मत मला अन्यायाचंच वाटतं, आणि असं मत बाळगणाऱ्याच्या हातात देशातला एकमेव रेडिओ असणं हे त्याहून वाईट.

एकाच व्यापाऱ्याचा बाजार

माझा मुद्दा इथेच आहे. समजा बाजार समितीत कांदा घ्यायला एकच व्यापारी आहे. तो म्हणाला मला लिंबाएवढाच लाल कांदा हवा, तर पहिल्या वर्षी शेतकरी कुरकुरतो, दुसऱ्या वर्षी तसलंच बी आणतो आणि पाच वर्षांनी गावात दुसऱ्या जातीचं बियाणंच उरत नाही. दहा व्यापारी असते तर प्रत्येकाने भाव पाडला असता, मापात मारलं असतं, सगळं मान्य, पण बियाणं टिकलं असतं. एकाच खरेदीदाराच्या या पकडीला मक्तेदारी म्हणू.

संगीताचं असंच होतं. दडपण नेहमीच असतं, कोणी ना कोणी पैसे देणारा असतो आणि त्याच्या काही अटी असतात. अटी कडक आहेत यापेक्षा अटी घालणारा एकटाच आहे का, हे बघायचं. 1952 मध्ये आकाशवाणीने दार लावलं तेव्हा सिलोनचं उघडं होतं, थेटर होतं, रेकॉर्ड होती, म्हणून सिनेसंगीत जगलं. ठुमरी गाणाऱ्या त्या बायकांना मात्र दरबार संपलेला, कोठ्यांवर पोलिसांचा ससेमिरा आणि रेडिओ बंद, सगळी दारं एकाच वेळी लागली. त्यांच्यातल्या कित्येकींचं गाणं त्यांच्याबरोबरच गेलं.

बाजार दार उघडूही शकतो, हे कॅसेटने दाखवलं. सत्तरच्या दशकापर्यंत भारतात रेकॉर्ड म्हणजे जवळपास एचएमव्ही ही एकच कंपनी होती. मग स्वस्त कॅसेट आली, छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या, आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज, भीमगीतं, कोळीगीतं, वामनदादा कर्डकांचे शब्द एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत पोचले. सुगम संगीताच्या चकचकीत मैफलींत या आवाजांना कोणी बोलावत नव्हतं. त्या लाटेत भंगार गाणीही ढिगाने आली, टेप गुंडाळणाऱ्या निकृष्ट कॅसेटी आल्या, पायरसी तर विचारू नका, आणि गायक-कवींना एकदाच थोडे पैसे देऊन कायमचं बाजूला केलं जायचं. तरी मला विचाराल तर ती लाट नसती तर मराठी संगीत आज बरंच गरीब असतं.

'पण राजेमहाराजांच्या काळी तरी कला शुद्ध होती ना?'

नव्हती हो. अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट प्रसिद्ध आहे, अमलेटा दरबारात राजाच्या हौसेखातर दिवसचे दिवस गात राहावं लागलं आणि त्यांचा आवाज बसला, बराच काळ परत आला नाही. आला तेव्हा पहिल्यासारखा नव्हता, मग त्यांनी त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी वेगळी गायकी घडवली, तीच जयपूर-अत्रौली. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय मिळाला आणि ती गायकी महाराष्ट्र-गोव्यात रुजली, केसरबाई त्याच घराण्याच्या. एका दरबाराने गळा बसवला, दुसऱ्याने सांभाळला. जायला दुसरा दरबार होता हे त्यातलं मोलाचं.

'म्हणजे दडपणातूनच खरी कला येते?'

हेही लोक हमखास म्हणतात आणि उदाहरण देतात सोव्हिएत रशियातल्या शोस्ताकोविच या संगीतकाराचं. जानेवारी 1936 मध्ये स्टालिन त्याचा ऑपेरा बघून गेला आणि काही दिवसांतच 'प्रावदा' या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रात त्याच्यावर जहरी लेख आला. त्या काळात असा लेख म्हणजे अटकेची टांगती तलवार. पुढच्या वर्षी त्याने पाचवी सिम्फनी दिली, ती आज जगभर वाजते. सिम्फनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली, सहसा अनेक भागांची लांब रचना. म्हणून दडपण चांगलं?

थांबा, चौथीचं काय झालं ते बघा. चौथीच्या तालमी 1936 च्या शेवटी चालू होत्या आणि ती मागे घ्यावी लागली, पहिल्यांदा वाजली थेट डिसेंबर 1961 मध्ये. पंचवीस वर्षं! ती ज्या वाटेने निघाली होती ती वाट तिथेच बंद झाली. त्याला दुसरा मंच नव्हता, दुसरा प्रकाशक नव्हता, सगळं एकाच सरकारच्या हातात. पाचवी चांगली झाली हे त्याच्या प्रतिभेचं श्रेय आहे, ते स्टालिनला का द्यायचं? आणि ज्यांच्यात एवढी ताकद नव्हती किंवा जे जिवंतच राहिले नाहीत, त्यांच्या न झालेल्या रचना मोजायला आपल्याकडे काहीच साधन नाही.

राजकारण गाण्यात असणं वेगळं, गाण्यावर असणं वेगळं

8 जुलै 1921 ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, संयुक्त मानापमान, टिळक स्वराज्य फंडासाठी. महागडी तिकिटं आणि सरळसरळ राजकीय निधी. कोणीही म्हणत नाही की त्यामुळे त्या रात्रीचं गाणं हलकं झालं. अण्णाभाऊ साठ्यांची मैनेची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली, ती मागणी 1960 मध्ये बऱ्याच अंशी पूर्ण झाली, तरी छक्कड ऐकली की आजही काळजात हलतं, कारण नकाशाच्या मागणीला अण्णाभाऊंनी विरहाचं दुःख दिलं. राजकीय भूमिका कलाकाराची स्वतःची असेल तर ती गाण्याचा कच्चा माल असते, प्रेमासारखीच.

गाण्यावरचं राजकारण म्हणजे मे 1976. आणीबाणीत सरकारच्या मनाप्रमाणे सहकार्य केलं नाही म्हणून किशोरकुमारची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद केली गेली, पुढे आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर हे प्रकरण आलं. त्या गाण्यांत राजकारणाचा एक शब्दही नव्हता. तेव्हा रेडिओही सरकारचा आणि टीव्हीही सरकारचा, म्हणून एका खात्याच्या मर्जीने देशभराचा आवाज बंद करता आला. सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन रॅपर्सचं गाणं मला आवडतं की नाही हा प्रश्नच नाही, गाण्यावर पोलीस आले की पुढचे दहा जण ते गाणं लिहायलाच बसत नाहीत, आणि ते नुकसान आपल्याला कधी दिसतही नाही.

आजचा व्यापारी कोण?

आज तुम्ही म्हणाल, आता काय, कोणीही फोनवर गाणं टाकू शकतो, दारंच दारं. वरवर बघता हो. पण स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तरच एक ऐकणं मोजतात, म्हणून सुरुवातीची लांब सुरावट, आलाप, तंबोऱ्याचा नाद हे सगळं धोक्याचं, पहिल्या काही सेकंदातच मुखडा हवा. आणि 2024 पासून त्यांचा नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच नाहीत. मोठ्या लेबलच्या गाण्याला हजार म्हणजे सकाळच्या चहापर्यंत. पण मालवणी दशावतारातली पदं, एखाद्या कीर्तनकाराचं आख्यान, खानदेशातल्या अहिराणी गाण्यांचा नवा गायक, यांच्यासाठी तो आकडा मोठा आहे.

तीस सेकंदांच्या अटीने मला तितकी भीती वाटत नाही, तीन मिनिटांच्या अटीतून भैरवी निघाली तशी यातूनही कोणीतरी काही काढेल. चिंता वाटते ती सगळीकडे एकच माप लागू होण्याची. तीन-चार कंपन्या असल्या तरी सगळ्या एकच गोष्ट मोजतात, किती जणांनी किती वेळ स्क्रीन सोडली नाही, आणि लेबलपासून रेडिओपर्यंत सगळे तोच आकडा बघून ठरवतात.

म्हणून जिथे वेगळं माप चालतं त्या जागा धरून ठेवायला हव्यात. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि सिनेमाचे गीतकार-संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कायमचा लिहून घेता येणार नाही असं झालं, तेव्हा आपला करार वाचून मगच सही करा हे प्रत्येक नव्या गाणाऱ्याला सांगायला हवं. आकाशवाणीच्या केंद्रांवर स्थानिक कलाकारांची रेकॉर्डिंगं होत राहिली पाहिजेत, तिथल्या खोलीत श्रोत्यांचा आकडा विचारत नाहीत ही तिची सगळ्यात मोठी श्रीमंती आहे. गावच्या उत्सवातल्या भजनी मंडळाला, नाट्यसंगीताच्या छोट्या मैफलीला, शाहिराला बोलावून पाकीट हातात द्या, सत्कार आणि नारळ यावर बोळवण करू नका. आणि जे गाणं तुम्हाला आवडत नाही किंवा ज्याची राजकीय बाजू तुम्हाला पटत नाही, त्याच्यावर बंदीची मागणी आली तर तेव्हाही त्याच्या बाजूने बोला.